अठ्ठ्याण्णव कशाचे?

रविवार, 6 ऑक्टोबर 1918. चिंचपोकळीच्या फलाटावर तुम्ही उतरता आणि आधी कान भांबावतात. गिरणगाव इतकं गप्प असू शकतं हे तुम्हाला माहीतच नव्हतं. रविवार आहे म्हणून भोंगे बंद आणि चिमण्यांना धूर नाही, हे ठीक. पण रस्त्यावरसुद्धा माणूस तुरळक. मागे कोळशाचं इंजिन फुसफुसत भायखळ्याकडे निघून जातं. विजेची गाडी मुंबईला 1925 साली मिळेल. पितृपक्ष सरून नवरात्र नुकतं लागलंय, दसरा येत्या 15 तारखेला. यंदा पावसाने दगा दिला, धान्याचे भाव चढलेत, विलायतेकडची लढाई अजून संपलेली नाही. चिंतामणी गणपतीचा मंडप शोधत असाल तर सोडून द्या, त्याला अजून दोन वर्षं आहेत.

आज या एका दिवसात मुंबईत 768 मृत्यू नोंदले जाणार आहेत.

ताप शहरात शिरला जूनमध्ये. 10 जूनला गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई आजारी पडले, आणि पुढच्या दीड आठवड्यात बँक, तारखातं, टांकसाळ असं करत तो रेचेल ससून मिलपर्यंत आला. तो पहिला फेरा माणसं उठवून बसवणारा होता. सप्टेंबरात आलेला दुसरा फेरा उठू देत नाही. लोक त्याला मानमोडी म्हणतात.

तुमच्या खिशात या काळातली नसलेली एकच वस्तू आहे: बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. तो कोणाला दाखवू नका. दाखवलात तर हा चिमटा काय मोजतो ते सांगावं लागेल, आणि कोविडच्या दोन वर्षांत घरोघरी तो वापरून झाला तरी आपल्यापैकी बहुतेकांना ते धड सांगता येत नाही. 98 म्हणजे चांगलं, 90 म्हणजे धावपळ, एवढंच आपण शिकलो. अठ्ठ्याण्णव कशाचे, हे कोणी विचारलं नाही.

चाळीच्या जिन्यात अंधार आहे. दुसऱ्या मजल्यावर एका दारात लोबानाचा वास येतो. दारातली बाई तुम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळते.

"कोन तुमी? मुन्शिपाल्टीचे काय?"

नाही म्हणा.

"मग ठीक. पन इस्पितळात नाय हां न्यायचा त्याला."

ही भीती बावीस वर्षांची आहे. इस्पितळ इथून हाकेच्या अंतरावर, आर्थर रोडवर, आजचं कस्तुरबा. 1896 साली प्लेग आला तेव्हा माणसं घरातून उचलून तिथे नेली जात आणि बरीचशी परत येत नसत. त्या ऑक्टोबरात सुमारे हजार गिरणी कामगार चालून गेले होते त्या इस्पितळावर. ती आठवण चाळीने जपून ठेवली आहे.

आत घोंगडीवर तो पडलाय. वय पंचविशीचं, रत्नागिरीकडचा, त्रासन खात्यातला. चार दिवसांचा खाडा पडलाय म्हणून जाबर आपली जागा बदलीवाल्याला देईल, ही काळजी काल रात्रीपर्यंत तो बोलून दाखवत होता. आता बोलत नाही. मिनिटाला चाळीस श्वास, नाकपुड्या फुललेल्या. या आजारात गोऱ्या सैनिकांचे गाल जांभळे पडतात असं विलायती डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. इथे गालांकडे पाहून काही कळायचं नाही, कोकणातल्या उन्हाने भाजलेली कातडी निळी दिसत नाही. ओठ बघा. जीभ बघा. नखं बघा. पिकल्या जांभळाच्या सालीचा रंग आहे.

बाईची पाठ वळली की चिमटा लावा. 68. नाडी 132.

आता घाबरून खिडकी उघडायला धावू नका, ती उघडीच आहे. शिवडीकडून वारा येतोय आणि त्या वाऱ्यात शंभरातले एकवीस भाग ऑक्सिजन आहे, तुमच्या छातीत जातोय तितकाच. त्याच्याही छातीत तो जातोय. अडलंय ते शेवटच्या एका टप्प्यावर, आणि तो टप्पा मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढा आहे.

फुप्फुसात कोट्यवधी हवेचे फुगे असतात. सगळ्यांच्या भिंती उलगडून पसरल्या तर सत्तर चौरस मीटर जागा होईल, म्हणजे या चाळीतल्या दहा बाय दहाच्या सात खोल्या. सात जणांनी एका खोलीत निजायचं आणि प्रत्येकाच्या छातीत सात खोल्या, हा हिशेब मला नेहमीच जरा चिडवल्यासारखा वाटतो. फुग्याच्या भिंतीपलीकडे केसाहून बारीक रक्तवाहिनी आणि तिच्यातून एकामागे एक सरकणाऱ्या तांबड्या पेशी. निरोगी माणसात एका पेशीला इथून पार व्हायला पाऊण सेकंद मिळतो, आणि तिचं काम पाव सेकंदातच उरकतं. या पोराच्या छातीत फुगे पाण्याने आणि पुवाने भरलेत. पेशी येते, पाऊण सेकंद थांबते, आणि आली तशी निघून जाते.

पेशीच्या आत काय आहे? जवळजवळ हिमोग्लोबिनच. स्वतःचं केंद्रकसुद्धा तिने जागा करायला टाकून दिलंय. एका पेशीत सुमारे 27 कोटी हिमोग्लोबिनचे रेणू, प्रत्येक रेणूत चार जागा, प्रत्येक जागेत लोहाचा एक अणू. त्या लोहावर ऑक्सिजन बसतो. बसतो म्हणजे गंजवत नाही, हे महत्त्वाचं. बसतो आणि सांगितल्या ठिकाणी उठतो.

इथे चिंचपोकळीकरांना एक गोष्ट पटकन कळेल. लोकलच्या बाकावर तिघे आरामात बसतात आणि चौथ्याला अर्धं बूड टेकवायला "जरा सरकता का?" म्हणावं लागतं. हिमोग्लोबिनच्या बाकावर नेमकं उलट आहे. पहिल्यालाच जागा मिळवताना कष्ट पडतात. तो एकदा बसला की आख्ख्या रेणूचा आकार बदलतो, दुसऱ्याला सोपं जातं, तिसऱ्याला आणखी सोपं, आणि चौथा तर ओढूनच घेतला जातो. उतरतानाही तसंच: एक उठला की बाकीच्यांची पकड सैल होते. म्हणून फुप्फुसात, जिथे ऑक्सिजनची गर्दी आहे, तिथे बाकं खच्चून भरतात. आणि स्नायूंत, जिथे त्याचा दुष्काळ आहे, तिथे ती भराभर रिकामी होतात. तुमचा चिमटा मोजतो ते एवढंच. असलेल्या जागांपैकी शेकडा किती भरल्या. तुमच्या बोटात शंभरातल्या अठ्ठ्याण्णव, या पोराच्या बोटात अडुसष्ट.

हे हिमोग्लोबिन नसतं तर? रक्ताच्या पाण्यात ऑक्सिजन फारसा विरघळत नाही. लिटरभर रक्तात जेमतेम 3 मिलिलिटर. स्वस्थ पडून राहिलेल्या शरीरालाही मिनिटाला 250 मिलिलिटर लागतो. नुसत्या विरघळलेल्या ऑक्सिजनवर भागवायचं तर हृदयाला मिनिटाला 80 लिटरच्या वर रक्त फिरवावं लागेल. ते फिरवतं 5. हिमोग्लोबिनमुळे त्याच लिटरभर रक्तात 200 मिलिलिटर मावतो, आणि मिनिटाला हजारभर मिलिलिटर शरीरभर पोहोचवून त्यातला पाऊणभाग परत आणण्याइतकी चैन परवडते.

मग प्रश्न येतो, हा पोरगा एवढ्या जोरात श्वास घेतोय, त्याने काहीच फरक कसा पडत नाही? सगळे फुगे तर बुडालेले नाहीत. वरच्या भागात हवा जातेय, आणि दुप्पट वेगाने जातेय. तिथे दुप्पट ऑक्सिजन का चढत नाही?

कारण तिथली बाकं आधीच भरलेली आहेत. भरलेल्या बाकावर पाचवा बसत नाही, कितीही जोराने श्वास घ्या. चांगल्या भागातून निघालेलं रक्त फार तर शंभर टक्के भरून निघतं. बुडालेल्या भागात गेलेलं आलं तसंच निघतं. पुढे हृदयात दोन्ही मिसळतात आणि सरासरी अडुसष्टवर येते. ऑक्सिजनची भरपाई होत नाही.

कार्बन डायऑक्साइडची होते. इथेच दोन वायूंची वाट वेगळी होते आणि पुढे शंभर वर्षांनी याच रस्त्यावरच्या डॉक्टरांना ती चकवणार आहे. म्हणून इथे थोडं थांबू या.

शरीर मिनिटाला सुमारे 200 मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड तयार करतं. तो लोहाच्या जागेवर बसत नाहीच. शंभरातले सातेक भाग नुसते रक्तात विरघळून जातात, वीस-बावीस हिमोग्लोबिनच्या प्रथिनाला, म्हणजे बाकाच्या दांडीला, लटकून. उरलेले सत्तर वेश बदलतात. तांबड्या पेशीत शिरून पाण्याशी जुळतात, आम्ल बनतात, ते आम्ल लगेच फुटतं: एक बायकार्बोनेट आणि एक हायड्रोजनचा धन आयन. बायकार्बोनेट पेशीबाहेर पडून रक्तद्रवातून निघतं, त्याच्या बदल्यात क्लोराइड आत येतं. मागे राहिलेला हायड्रोजन हिमोग्लोबिनला जाऊन चिकटतो, आणि तो चिकटला की ऑक्सिजनची पकड सुटते. म्हणजे जो स्नायू जास्त राबतोय, जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतोय, तिथेच ऑक्सिजन जास्त उतरतो. मागणीचा कागद टाकाऊ मालच घेऊन येतो. फुप्फुसात सगळं उलट फिरतं: ऑक्सिजन चढला की हायड्रोजन ढकलला जातो, बायकार्बोनेट पुन्हा वायू होतं, आणि उच्छ्वासातून बाहेर.

हा वायू भिंतीतून ऑक्सिजनच्या वीसपट सहज झिरपतो. शिवाय त्याला बाकाची मर्यादा नाही. फुप्फुसाचा चांगला भाग जोरात चालवला तर जास्तीचा कार्बन डायऑक्साइड सरळ उडवून देता येतो. म्हणून हा पोरगा ऑक्सिजनवाचून गुदमरतोय आणि तरी त्याच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड कदाचित तुमच्यापेक्षा कमी असेल.

आर्थर रोडवरच्या डॉक्टरला हे सगळं अपरिचित आहे असं समजू नका. कार्बन डायऑक्साइडने ऑक्सिजनची पकड सुटते हे कोपेनहेगनच्या ख्रिश्चन बोरने 1904 सालीच दाखवलंय. श्वासाचा वेग ऑक्सिजनपेक्षा कार्बन डायऑक्साइडवर ठरतो हे ऑक्सफर्डच्या हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी 1905 साली. फुप्फुसातली उलटी बाजू 1914 साली. त्याला ठाऊक नाही ते एवढंच, की आम्ल बनण्याची ती क्रिया इतकी झटपट होते कशी. नुसत्या पाण्यात ती फार मंद चालते, आणि केशवाहिनीत रक्त सेकंदभरही थांबत नाही. ती घाई करणारं विकर 1932-33 मध्ये केंब्रिजला मेल्ड्रम आणि रफ्टन यांच्या हाती लागेल. पण ते आज कळून तरी काय उपयोग? विज्ञान इतकं पुढे आलंय आणि या खोलीत पोहोचतंय निलगिरीचं तेल.

मृत्यूही सगळ्यांकडे सारखा पोहोचत नाही. या साथीत मुंबईत युरोपियन लोकांत दर हजारी 8.3 मेले, पारशांत 9. ज्यांना त्या काळचे सरकारी तक्ते खालच्या जातींचे हिंदू म्हणत, त्यांच्यात 61.6. फुप्फुसं सगळ्यांची सत्तर चौरस मीटरचीच.

बाई परत आली आहे, चिमटा काढा. निघताना पलीकडच्या कोपऱ्यात बघा. तिथे एक बाई गुडघे पोटाशी घेऊन बसली आहे, वाइंडिंग खात्यात जाणारी. ती निळी नाही, पांढुरकी आहे. डोळ्यांची खालची पापणी फिकी, जीभ गुळगुळीत. सगळ्यांचं लक्ष निळ्या माणसाकडे आहे, कारण निळा रंग भीतीदायक दिसतो. पुढच्या वर्षी, 1919 मध्ये, ख्रिस्टेन लुंड्सगार्ड हा डॅनिश संशोधक सांगेल की कातडी निळी दिसायला केशवाहिन्यांतल्या 100 मिलिलिटर रक्तात सुमारे 5 ग्रॅम हिमोग्लोबिन रिकामं असावं लागतं. ज्याच्याकडे 14-15 ग्रॅम आहे तो लवकर निळा पडतो. जिच्याकडे मुळात पाचच आहे ती निळी पडूच शकत नाही. ती तशीच, कोणाच्या लक्षात न येता जाईल.

त्या बाईच्या मागे जायचं तर बारा वर्षं पुढे चला आणि मैलभर उत्तरेला.

1930. चिंचपोकळीहून लालबागमार्गे परळला चालत निघा. वाटेत गॅस कंपनीची गल्ली लागते. दगडी कोळसा भाजून केलेल्या ज्या गॅसवर शहराचे दिवे जळले, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतोच. तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्टपणे लोहाची जागा धरतो आणि उठायचं नाव घेत नाही. त्याने मरणाऱ्या माणसाचं रक्त चेरीसारखं लाल दिसतं, आणि तुमचा चिमटा त्याच्या बोटावरही 98 दाखवेल, कारण त्याला भरलेली जागा दिसते, कोण बसलंय ते ओळखू येत नाही. चिमट्यावरचा विश्वास इथे थोडा कमी करून पुढे चला.

परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. प्लेगची लस इथे बनते. पण आज प्रयोगशाळेत एक इंग्रज बाई सूक्ष्मदर्शकावर वाकली आहे, आणि तिला प्लेगात रस नाही. लुसी विल्स 1928 साली मुंबईत आली ती गिरणगावातल्या गरोदर बायका अशक्तपणाने का मरतात हे शोधायला. तिने काचेवर बघितलं तेव्हा तांबड्या पेशी लहान नव्हत्या, उलट अवाढव्य होत्या. मोठ्या आणि मोजक्या. लोह कमी पडलं तर पेशी लहान आणि फिक्या होतात. इथे दुसरंच काहीतरी कमी पडत होतं. विल्सने जंतू शोधले, मिळाले नाहीत. मग ती बायकांच्या ताटाकडे वळली. गरीब मुसलमान बायका जे खात तेच उंदरांना घातलं, पुढे माकडांवर प्रयोग केले. एका माकडाला शेवटी मार्माइट चाटवलं. विलायतेत पावाला लावतात तो यीस्टचा काळा, खारट लेप. स्वस्त, आणि चवीबद्दल न बोललेलं बरं. माकड सुधारलं. बायकांनाही तेच दिलं. त्यांचं रक्त इतक्या झपाट्याने भरून आलं की तिने 1931 साली ते ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. मार्माइटमधली ती अज्ञात गोष्ट बरीच वर्षं विल्स घटक म्हणून ओळखली जात होती. 1941 साली अमेरिकेत पालकाच्या पानांतून ती वेगळी केली गेली आणि तिला फोलिक ॲसिड नाव मिळालं.

शरीर दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त तांबड्या पेशी घडवतं, कारण एक पेशी चार महिनेच टिकते. घडवायची म्हणजे आधी मूळ पेशींनी दुभंगत जायला हवं, दुभंगायचं तर डीएनएची नक्कल हवी, आणि त्या नकलेला फोलेट लागतं. ते नसलं की पेशी फुगत राहते आणि दुभंगत नाही. पोटातलं मूल आईकडून फोलेट ओढतंच असतं. त्यात भाजी महाग. गणित सोपं आहे, पण ते करायला कोणीतरी चाळीतल्या बायकांचं ताट तपासावं लागलं.

तपासणीला येऊन बाकावर बसलेल्या एका बाईच्या बोटाला चिमटा लावा. सातवा महिना, जिना चढून आल्यावर अजून धाप लागलेली, मानेची शीर उडतेय.

98.

यंत्र खोटं बोलत नाही. तिच्या फुप्फुसांना काही झालेलं नाही. जेवढ्या जागा आहेत त्यातल्या अठ्ठ्याण्णव टक्के भरल्या आहेत. जागाच एक तृतीयांश आहेत. तुमच्या लिटरभर रक्तात 200 मिलिलिटर ऑक्सिजन जातो, तिच्या लिटरभर रक्तात 67. म्हणून हृदय दामदुप्पट पळतंय. पुढे याच परळच्या केईएममध्ये डॉ. भेंड्यांना 1952 साली बॉम्बे रक्तगट सापडला आणि परळचं नाव जगभर झालं. आपल्याला त्याचा रास्त अभिमान आहे. पण तो पेशीच्या वरच्या अंगरख्याचा शोध. आतल्या मालाचा शोध त्याच परळात वीसेक वर्षं आधी लागला होता, गरोदर कामगार बायकांच्या रक्तात, आणि तो सांगणारे मला फार थोडे भेटले.

आता मोठी उडी घ्या.

मार्च 2020. पुन्हा आर्थर रोड, आता साने गुरुजी मार्ग. गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर आहेत. रस्ता 1918 सारखाच गप्प होऊ लागलाय. मुंबईतले पहिले कोविड रुग्ण कस्तुरबातच आणले गेले, आणि महाराष्ट्रातला पहिला कोविडमृत्यू 17 मार्चला इथेच झाला. पुढच्या महिन्यांत वॉर्डावॉर्डांतून एक विचित्र दृश्य दिसेल. रुग्ण उशीला टेकून फोनवर बोलतोय, घरी डबा काय पाठवायचा ते सांगतोय, आणि बोटावर आकडा आहे 74.

"काका, दम लागतोय का?"

"नाही हो सिस्टर. जरा थकवा आहे."

1918 च्या पोराला निदान धाप तरी लागली होती. इथे गजरच वाजलेला नाही. कारण तुम्ही मघाशी चाळीतच पाहिलंत: मेंदूतला मुख्य गजर कार्बन डायऑक्साइडला बांधलेला आहे. कोविडच्या सुरुवातीला फुप्फुसं कडक झालेली नसत, हवा आत-बाहेर सहज होत होती, कार्बन डायऑक्साइड निघून जात होता. ऑक्सिजन घसरत होता, पण त्याच्यासाठी बांधलेली घंटा शरीरात उशिरा आणि क्षीण वाजते. तेव्हा त्या चिमट्याने खरी कमाई केली. ज्याने त्याचं तत्त्व शोधलं तो ताकुओ आओयागी हा जपानी अभियंता. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या लक्षात आलं की बोटातून लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश पाठवले आणि नाडीच्या ठोक्याबरोबर बदलणारा तेवढाच भाग वेगळा काढला, तर शिरांचं, मांसाचं, कातडीचं देणंघेणं बाजूला पडून फक्त धमनीतल्या रक्ताचा रंग उरतो. भरलेलं हिमोग्लोबिन लाल प्रकाश जाऊ देतं, रिकामं अडवतं. डॉक्टरांची नजर ओठांवर जे शोधत होती, तेच त्याने आकड्यात बसवलं. 18 एप्रिल 2020 ला तो वारला. त्याच आठवड्यांत अर्धं जग त्याचं यंत्र मिळेल त्या किमतीला विकत घेत होतं.

कातडी मात्र पूर्ण बाजूला पडत नाही. 2020 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं की काळ्या रुग्णांत हे यंत्र धोकादायक घसरण गोऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा चुकवतं. आपल्या सावळ्या-काळ्या बोटांसाठीही हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, आणि चिमट्याच्या खोक्यावर ते छापलेलं नसतं.

शेवटचा मुक्काम आजचा, आणि तो इस्पितळात नाही. चिंचपोकळीच्या कुठल्याही पालिका दवाखान्यात सकाळच्या ओपीडीत बसा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयी निघाल्या. विल्सच्या बायकांइतक्या खोल नाहीत बहुतेक, आणि आता बहुतांशी कमतरता लोहाची असते, पण निम्म्याहून जास्त. चौथ्या फेरीत हा आकडा 48 होता. म्हणजे आपण खाली जाण्याऐवजी वर चाललोय.

रांगेतली पुढची बाई चार घरची धुणीभांडी करून आली आहे. कोविडात घेतलेला चिमटा तिने रुमालात गुंडाळून आणलाय. तो ती स्वतःच बोटाला लावते आणि टेबलावर हात पुढे करते.

"बघा ना डॉक्टर, मशीन अठ्ठ्याण्णव दाखवतंय. मग तिसऱ्या मजल्यावर माझा जीव का जातो?"

डॉक्टर मशीनकडे बघत नाहीत. अंगठ्याने तिची खालची पापणी हलकेच ओढतात, चिठ्ठीवर सीबीसी लिहितात आणि विचारतात, "पाळीत अंगावरून किती दिवस जातं, ताई? आणि जेवणाबरोबर चहा घेता का?"